राजाबाई टॉवर : नाव, आख्यायिका आणि इतिहास

मोठ्या इमारतीस माणसाचे नाव मिळाले, की त्या नावाची पुढे बहुधा दोहोंपैकी एक गती होते. एक तर ते झिजून झिजून पत्त्याचा भाग बनते आणि ते कोणा जित्या माणसाचे होते ही आठवणच बुजते. किंवा त्या नावाभोवती एखादी गोष्ट जमते, आणि ती गोष्ट मूळच्या माणसाला हळूहळू झाकून टाकते. मुंबई विद्यापीठाच्या किल्ल्यातील आवारात ग्रंथालयाच्या माथ्यावर जो २८० फूट उंचीचा मनोरा उभा आहे, त्याच्या नावाच्या वाट्यास या दोन्ही गती आल्या. रोज हजारो माणसे राजाबाई टॉवरच्या खालून जातात आणि ते नाव घड्याळाच्या तबकडीइतकेच सवयीने वाचतात. ज्यांस थोडी अधिक जिज्ञासा असते, त्यांच्या पदरात एक आख्यायिका पडते. ती आख्यायिका गोड आहे, आणि तिच्या गोडीमुळेच आजवर तिची फारशी चिकित्सा झाली नाही. ती चिकित्सा करावी, आणि या इमारतीच्या इतिहासातून त्या नावास खरा अर्थ कोणता मिळतो हे पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

आख्यायिका अशी. मुंबईचे कोट्यधीश व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या मातुश्री राजाबाई या अंध होत्या. जैन धर्माच्या आचाराप्रमाणे सूर्यास्तानंतर अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांचा कडक नेम. डोळ्यांनी दिवस मावळला की नाही ते कळेना, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्यास विचारणे जिवावर येई. तेव्हा आईस कोणाच्या आधारावाचून वेळ कळावी म्हणून मातृभक्त मुलाने हा प्रचंड मनोरा बांधून त्यात घंटा बसविली. सायंकाळचे टोले पडत आणि माउली जेवावयास बसे.

ही गोष्ट ऐकून ज्याचे मन हलत नाही, तो कठोर म्हटला पाहिजे. परंतु मन हलले म्हणजे गोष्ट सिद्ध झाली असे नव्हे. प्रथम तारखाच पाहू. ग्रंथालयासाठी प्रेमचंदांनी दोन लाख रुपये देऊ केले ते १८६४ च्या ऑगस्ट महिन्यात. घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले ते त्याच वर्षी ऑक्टोबरात. इमारतीचा पाया घातला गेला १ मार्च १८६९ रोजी, आणि काम पुरे झाले १८७८ च्या नोव्हेंबरात. म्हणजे दान दिल्यापासून मनोरा उभा राहीपर्यंत चौदा वर्षे गेली. ज्या मुलास आईच्या रोजच्या जेवणाची चिंता आहे, तो चौदा वर्षांनी वाजणाऱ्या घंटेची सोय करील, की घरात एखादे ठोक्यांचे घड्याळ आणून ठेवील? प्रेमचंदांसारख्या धनिकास असे घड्याळ दुर्मिळ होते असे कोणी म्हणणार नाही.

दुसरी अडचण स्थळाची. प्रेमचंदांचा ‘प्रेमोद्यान’ हा बंगला भायखळ्यास. तेथून विद्यापीठाचे आवार सुमारे दीड कोस. मधे बाजारपेठा, वस्ती, गाड्यांचा खडखडाट. पावसाळ्यात समुद्राची गाज आणि वाऱ्याचा जोर. एवढे अंतर कापून टोल्यांचा आवाज रोज नेमाने एका वृद्धेच्या कानी जावा, हे मानावयास श्रद्धा पुष्कळ लागेल.

तिसरी अडचण सर्वांहून मोठी, आणि ती सूर्यानेच घातलेली आहे. जैन आचारातील मर्यादा सूर्यास्ताची आहे, सहा वाजण्याची नाही. मुंबईची जी जुनी स्थानिक वेळ या शहरात दीर्घकाळ चालत होती, त्या वेळेप्रमाणे नोव्हेंबराच्या अखेरीस सूर्य सव्वापाचानंतर थोड्याच वेळात मावळतो, आणि जुलैच्या आरंभी तो पावणेसातांच्या सुमारास मावळतो. म्हणजे सहाचे टोले ऐकून जेवावयास बसणारी व्यक्ती हिवाळ्यात रोज नेम मोडील, आणि भर पावसाळ्यात पाऊण तास दिवस शिल्लक असताना उगाच घाई करील. घड्याळ तास सांगते, सूर्यास्त सांगत नाही. व्रतस्थ घरात सूर्यास्ताचा हिशोब पंचांगावरून ठेवतात, आणि राजाबाईंच्या घरी पंचांग नव्हते असे समजण्यास काही कारण नाही.

राजाबाईंची दृष्टी गेली होती की नव्हती, अथवा त्यांचा नेम किती कडक होता, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतील. आमचे म्हणणे एवढेच, की या दोन गोष्टींतून २८० फुटांचा मनोरा निघत नाही. तो कशातून निघाला हे पाहावयाचे असेल, तर भायखळ्याच्या बंगल्यातून बाहेर पडून १८६४ सालच्या मुंबईत जावे लागेल.

त्या सालची मुंबई कोणत्या उंबरठ्यावर होती? गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहराविषयी मराठीत एवढे विस्तृत पुस्तक निघाले, आणि त्याच सुमारास पुस्तकात वर्णिलेले जुने शहर पाडले जाऊ लागले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचा तट जमीनदोस्त झाला आणि मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेने समुद्राकडे तोंड करून सरकारी व सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचे ठरले. सचिवालय, विद्यापीठाचा पदवीदान मंडप, ग्रंथालय व मनोरा, हायकोर्ट ही सर्व त्या एकाच योजनेची अपत्ये. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठास तोवर स्वतःचे छप्पर नव्हते. त्याचे समारंभ टाउन हॉलात होत. पदवीदान मंडपासाठी सर कावसजी जहांगीर यांनी १८६३ साली एक लाख रुपये दिले. प्रेमचंदांचे दान दुसऱ्याच वर्षीचे आहे, हे ध्यानात धरण्यासारखे आहे. एका धनिकाने मंडप दिला, तेव्हा दुसऱ्याने ग्रंथालय द्यावे आणि वर मनोरा चढवावा, ही त्या काळच्या मुंबईतील सत्कार्याची चढाओढ होती. तिला नुसती हाव म्हणणे अन्यायाचे, आणि नुसती भक्ती म्हणणे भाबडेपणाचे होईल.

आणि हा पैसा आला कोठून? १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांस मिळेनासा झाला आणि विलायतेची सारी नजर मुंबई बंदराकडे वळली. गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड येथील काळ्या जमिनीत पिकलेल्या कापसास कधी नव्हे तो भाव आला. १८३१ साली सुरतेस जन्मलेले आणि इंग्रजी शिकून दलालीच्या धंद्यात पडलेले प्रेमचंद रायचंद या लाटेच्या माथ्यावर होते. कापसाच्या पैशाने बँका निघाल्या, बँकांच्या पैशाने कंपन्या निघाल्या, आणि कंपन्यांचे शेअर गहाण ठेवून पुन्हा बँकांतून पैसा निघू लागला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांस मूळ किमतीच्या दहापट भाव आला. कारकून, शिक्षक, पेन्शनर, विधवा सर्वांनी आपली पुंजी त्यात ओतली. प्रेमचंदांच्या एका शब्दावर शेअर मिळत आणि दुसऱ्या शब्दावर कर्ज मिळे. दोन-दोन लाखांची ती दोन पत्रे लिहिली गेली, ती या ऐन भरतीच्या दिवसांत.

ओहोटी फार दूर नव्हती. १८६५ च्या एप्रिलात अमेरिकेतील युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव कोसळला. १ जुलै १८६५ हा शेअरांच्या वायद्यांचा दिवस. त्या दिवशी देणे कोणासच देता येईना. घराण्यामागून घराणी बुडाली. सरकारचे भाग ज्यात होते ती बँक ऑफ बॉम्बेसुद्धा वाचली नाही. १८६८ साली ती मोडीत काढावी लागली आणि तिच्या कारभाराची चौकशी करण्यास आयोग बसला. बँकेने कर्जे कशी वाटली आणि त्या वाटपात प्रेमचंदांचे वजन किती होते, हे त्या चौकशीत उघड झाले. प्रेमचंदांचे स्वतःचे ऐश्वर्यही या वावटळीत गेले. पुढे त्यांनी धंदा पुन्हा उभा केला, आणि १९०६ साली मृत्यू येईपर्यंत बाजारात त्यांस मान राहिला. परंतु १८६४ सालचे प्रेमचंद पुन्हा झाले नाहीत.

सर दिनशा वाच्छा यांनी १९१३ साली प्रेमचंदांचे चरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले, आणि त्या आधी १९१० साली शेअरांच्या वेडाचा वृत्तांत वेगळ्या पुस्तकात सांगितला. ज्याने तरुणपणी हे सर्व डोळ्यांदेखत पाहिले, त्याने चरित्र आणि आर्थिक इतिहास अशी दोन पुस्तके लिहावी, हे आम्हांस सूचक वाटते. माणसाची उदारता आणि त्याच्या पैशाचे मूळ या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात, आणि एकीने दुसरी पुसली जात नाही. आंधळ्या आईची आख्यायिका नेमके हे पुसण्याचे काम करते. ती ऐकल्यावर कापूस, वायदे, बुडालेली बँक, रस्त्यावर आलेली कुटुंबे यांपैकी काहीच उरत नाही. उरतो एक सुपुत्र आणि एक घंटा. विद्यापीठाच्या पायरीवर उभे राहून जी गोष्ट सांगावयाची, तिने ऐकणाऱ्यास अधिक अजाण करून सोडावे, हे योग्य नव्हे. तसेच उलट टोकास जाऊन हा मनोरा म्हणजे सट्ट्याचे स्मारक म्हणून त्याकडे पाठ फिरविणेही योग्य नव्हे. हे दान पडझडीच्या आधीचे होते, म्हणूनच ते वाचले. त्या पाच वर्षांत मुंबईत जो पैसा आला त्यातील बहुतेक हवेत विरला. जो दगडात आणि पुस्तकांत अडकला तेवढाच लोकांच्या उपयोगी राहिला.

आता इमारतीकडे वळू. तिचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात इंग्रज वास्तुशिल्पज्ञाने लंडनमध्ये बसून काढला. स्कॉट मुंबईस कधीच आला नाही, आणि इमारत पुरी होण्याच्या काही महिने आधी, १८७८ च्या मार्चात, तो वारला. ज्या हातांनी आराखडा काढला त्यांनी दगड पाहिला नाही, आणि ज्या हातांनी दगड घडविला त्यांनी गॉथिक देवळे पाहिली नव्हती. तरीही काम विजोड झाले नाही, याचे श्रेय येथील अभियंत्यांस आणि पाथरवटांस दिले पाहिजे. कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड, तळमजल्यावरील कमानींची ओवरी, दोन्ही अंगांचे गोल जिने, वरच्या मजल्यावरील वाचनगृहाचे उंच लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या, या सर्वांत युरोपातील मध्ययुगीन ख्रिस्ती वास्तूंची छाया आहे. तथापि ओवरीतून वारा खेळतो आणि वाचनगृहात उन्हाचा ताप न येता उजेड येतो. परदेशी साच्यातून काढलेल्या वस्तूस येथील हवा इतकी मानवावी, ही सामान्य गोष्ट नव्हे.

मनोरा स्वतः खाली चौरस आहे. त्याच्या पायाखालून गाड्या जाव्यात अशी देवडी ठेवली आहे. वर गेल्यावर तो अष्टकोनी होतो आणि निमुळता होत कळसास जातो. त्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातींच्या माणसांचे २४ पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहायक अभियंत्याने घडविले. स्कॉटच्या देशात अशा जागी संत आणि राजे बसविण्याची रीत. येथे पागोटी आणि धोतरे नेसलेली आपली माणसे बसली. मनोऱ्याच्या सर्व शिल्पांत आम्हांस हाच भाग सर्वांत जिवंत वाटतो. उलट घंटांचे संगीत पूर्णपणे परके होते. पूर्वी त्या घंटा जी सोळा गीते वाजवीत, त्यांत इंग्लंडच्या राष्ट्रगीतापासून ‘होम स्वीट होम’पर्यंतच्या सुरावटी होत्या. आईस जेवणाची वेळ कळविण्यासाठी मुलाने घंटा बसविली, असे सांगणाऱ्यांनी ती घंटा कोणते सूर काढीत होती याचाही थोडा विचार करावा.

एका बाबतीत मात्र आमची तक्रार इमारतीविषयी नसून दानाच्या वाटणीविषयी आहे. ग्रंथालय या शहराचे भूषण आणि विद्वानांच्या ग्रंथांचे भांडार व्हावे, अशी इच्छा प्रेमचंदांनी आपल्या पत्रात प्रकट केली होती. इच्छा थोर, परंतु पुस्तकांच्या घरास दोन लाख आणि घड्याळाच्या घरासही दोनच लाख, या हिशोबात भूषणाचे पारडे भांडाराहून जड झाले. त्याच दात्याने १८६६ साली कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले. तेथे इमारत झाली नाही. त्या रकमेच्या व्याजातून बुद्धिमान पदवीधरांसाठी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती सुरू झाली. आशुतोष मुकर्जींनी ती मिळविली. १८९७ साली ती जदुनाथ सरकारांनी मिळविली, आणि त्यांनीच पुढे १९१९ साली शिवाजीमहाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. सरकारांच्या मतांशी महाराष्ट्रातील संशोधकांनी पुष्कळ भांडण केले, आणि त्या भांडणातून मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास वाढलाच. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचा पैसा मुंबईच्या पेढीवरून कलकत्त्यास जावा, तेथे एक इतिहासकार तयार व्हावा, आणि त्याने वळून महाराष्ट्राचाच इतिहास लिहावा, ही साखळी कोणत्याही आख्यायिकेहून अधिक नवलाची आहे. दोन विद्यापीठांस सारखीच रक्कम मिळाली असता एकाकडे घड्याळ आले आणि दुसऱ्याकडे विद्वान आले, ही तुलना दान देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनीही मनाशी ठेवावी.

येथवर आपण मुलाविषयीच बोललो. हे साहजिक आहे. कारण कागदपत्रांत मुलगाच बोलतो. पित्याचे नाव रायचंद दीपचंद. ते भडोच येथील ग्रंथालयास दिले गेले, तेव्हा पुरुषाच्या पद्धतीप्रमाणे स्वतःचे आणि बापाचे अशी दोन्ही नावे आली. आईचे मात्र नुसते ‘राजाबाई’. ना पतीचे नाव, ना आडनाव. हा उपेक्षेचा प्रकार समजावा की जवळिकीचा? आमच्या मते यात अभावितपणे का होईना, एक सुंदर गोष्ट घडली आहे. ज्या नावाने शेजारणी तिला हाक मारीत असतील तेच घरगुती नाव, कोणाची पत्नी, कोणाची माता ही ओळख न जोडता, विद्यापीठाच्या कपाळावर बसले.

परंतु त्या विद्यापीठाचे दार तेव्हा कोणास उघडे होते? या प्रश्नापाशी आले, की नावाचा इतिहास गंभीर होतो. पुण्यास फुले दांपत्याने १८४८ साली मुलींची शाळा काढली. १८४९ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांच्या ज्ञानप्रसारक सभेने मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा सुरू केल्या. म्हणजे मुलींस शिकविणे ही कल्पना १८६४ साली मुंबईस अपरिचित नव्हती. तरीही विद्यापीठाच्या नियमांत ‘तो’ हा एकच पुरुषवाचक शब्द होता आणि त्या शब्दाच्या आड स्त्रियांस परीक्षा बंद होती. मनोरा पुरा झाला त्याच १८७८ साली कलकत्ता विद्यापीठाने स्त्रियांस आपल्या परीक्षा खुल्या केल्या. मुंबई विद्यापीठाने आपल्या नियमांतील ‘तो’ या शब्दात ‘ती’चाही समावेश समजावा असा ठराव केला, तो १८८३ साली. म्हणजे पाच वर्षे असा चमत्कार चालला होता, की एका स्त्रीचे नाव शहरातील सर्वांत उंच शिखरावर, आणि त्याच शिखराच्या पायथ्याशी तिच्या लेकीबाळींस पदवीचा मार्ग बंद. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८८ साली या विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. मनोऱ्याच्या घंटेने राजाबाईंस वेळ सांगितली की नाही ते असो. विद्यापीठास स्वतःस वेळ कळावयास १८८३ साल उजाडले, हे मात्र निश्चित.

याच मनोऱ्याशी आणखी एक दुःखद हकीकत निगडित आहे. १८९१ च्या एप्रिलात दोन पारशी तरुणी मनोरा पाहावयास गेल्या आणि वरून खाली पडून मरण पावल्या. घातपाताचा संशय आला, खटला झाला, आरोप शाबीत झाला नाही. शहरात मात्र त्या प्रकरणाने विलक्षण खळबळ उडाली आणि वर्तमानपत्रांचे रकाने कित्येक दिवस भरले. या ठिकाणी त्या हकीकतीचा उल्लेख सनसनाटीसाठी केलेला नाही. राजाबाई टॉवरविषयी लोकांच्या तोंडी ज्या गोष्टी टिकल्या त्या सर्व स्त्रियांच्या आहेत, आणि त्या सर्व असहाय स्त्रियांच्या आहेत: एक दृष्टिहीन वृद्धा, दोन मृत तरुणी. त्याच इमारतीच्या वाचनगृहात बसून जिने परीक्षेची तयारी केली, ग्रंथ चाळले, पुढे अध्यापन केले, त्या स्त्रीची गोष्ट मात्र लोकांनी रचली नाही. समाजास कोणती स्त्री आठवणीत ठेवाविशी वाटते, याचा हा मनोरा एक नमुना आहे.

नावाचे दुसरे एक उदाहरण याच भागात आहे, आणि ते शेजारी ठेवल्यावाचून आमचे म्हणणे पुरे होणार नाही. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. मातृभाषेतून स्त्रियांस उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयत्न अनेकांच्या थट्टेचा विषय झाला होता. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लाख रुपये दिले, आणि विद्यापीठास त्यांच्या मातुश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. पुढे १९३६ साली त्याचे मुख्य ठाणे मुंबईस आले. आज ते राजाबाई टॉवरपासून थोड्याच पावलांवर, नाथीबाईंच्याच नावाच्या रस्त्यावर आहे. दोन्ही दाते कापसाच्या व्यवहारातले, दोघेही गुजराती भाषिक, दोघांसही आईचे नाव राहावे ही इच्छा. परंतु अर्धशतकात केवढे अंतर पडले! पहिल्या आईस पुरुषांच्या विद्यापीठात एक शिखर मिळाले. दुसऱ्या आईच्या नावाने स्त्रियांचे अख्खे विद्यापीठ चालू लागले आणि हजारो मुलींच्या पदवीपत्रांवर ते नाव छापले गेले. नाथीबाईंविषयी कोणी आख्यायिका रचली नाही. त्याची गरजच पडली नाही. ज्या नावाखाली रोज काम चालते, त्यास गोष्टीचा आधार लागत नाही.

नावांच्या आयुष्याविषयीही हा मनोरा काही शिकवितो. या मैदानापासून जवळच १८८७ साली रेल्वेच्या भव्य स्टेशनास विक्टोरिया राणीचे नाव देण्यात आले. ज्या स्त्रीच्या सत्तेखाली अर्धे जग होते तिचे नाव १९९६ साली गेले आणि तेथे छत्रपती शिवाजीमहाराजांचे नाव आले. त्याच वर्षी ‘बॉम्बे विद्यापीठ’ हेही ‘मुंबई विद्यापीठ’ झाले. रस्ते बदलले, चौक बदलले, पुतळे हलले. सुरतेकडच्या एका व्यापाऱ्याच्या आईचे नाव मात्र कोणास बदलावेसे वाटले नाही. सत्तेने बसविलेले नाव सत्तेबरोबर जाते; घरातून आलेले नाव लोक आपल्या घरात घेतात. २०१५ साली या इमारतीची मोठी डागडुजी पुरी झाली आणि रंगीत काचांस पुन्हा तेज आले. २०१८ साली मैदानाभोवतीच्या इमारतींसह तिची जागतिक वारशात गणना झाली. वारसा म्हणून जे जपावयाचे त्यात दगड आणि काच यांबरोबर नावाचा खरा अर्थही येतो, असे आम्हांस वाटते.

मग आख्यायिका सोडून द्यावी काय? आमचा तसा आग्रह नाही. लोकांनी ती प्रेमाने सांभाळली आहे, आणि आईच्या नेमासाठी मुलाने काही करावे ही भावना मुळीच टाकाऊ नाही. पण ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. सुटीच्या दिवशी ओव्हल मैदानावर मुलांस घेऊन गेलेल्या आईबापांनी तो मनोरा दाखवावा, आंधळ्या राजाबाईची गोष्ट हवी तर सांगावी, आणि तेथेच न थांबता पुढचेही सांगावे: की हा मनोरा दूरदेशीच्या युद्धामुळे चढलेल्या कापसाच्या भावातून उभा राहिला, की तो भाव उतरला तेव्हा पुष्कळ घरे बुडाली, की याचा आराखडा काढणारा येथे कधी आला नाही आणि याच्यावरचे पुतळे आपल्या माणसाने घडविले, की ज्या स्त्रीचे हे नाव आहे तिच्या नातींच्या पिढीस खालच्या दारातून आत येण्यासाठी १८८३ पर्यंत थांबावे लागले. मुले एवढे समजण्याइतकी शहाणी असतात. त्यांत एखादी मुलगी असेल, तर तिला वरच्या वाचनगृहाच्या खिडक्याही दाखवाव्या. प्रेमचंदांनी आईच्या नावाचे ऋण चार लाखांत फेडले असे मानण्यापेक्षा, त्या नावाचे ऋण विद्यापीठ अजून फेडीत आहे असे मानणे, आमच्या मते, इतिहासाशी आणि राजाबाईंशी अधिक प्रामाणिकपणाचे होईल.